त्याच्याशी एकदा बोला

सुमन, तू जाऊन आज एकोणीस दिवस झाले. घरात माणसं येतात, चहा घेतात, थोडा वेळ बसतात आणि जातात. तुझ्या चर्चच्या मंडळीतल्या बाया येतात त्या म्हणतात, "गुरुजी, जिवाला लावून घेऊ नका, ताई प्रभूकडे गेल्या." मी मान हलवतो. मनात म्हणतो, बायांनो, हे मला नका सांगू. ती तीस वर्षांपासून त्याच्याकडेच निघाली होती, मीच पदर धरून बसलो होतो.

खरं सांगू? मला तुझा राग आलाय. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण आपलं भांडण अर्ध्यावर टाकून तू निघून गेलीस आणि आता मी भांडू कुणाशी? चाळीस वर्षांच्या संसारात तू माझ्याकडे साडी मागितली नाहीस, दागिना मागितला नाहीस, माहेरी सोडा म्हणून सुद्धा कधी अडून बसली नाहीस. मागितलंस ते एकच. "त्याच्याशी एकदा बोला." आणि ते मी दिलं नाही असं समजून तू डोळे मिटलेस. ते मला खातंय. बाकीचं सगळं हळूहळू अंगवळणी पडेल, हे पडणार नाही.

म्हणून आज तुझ्या जागेवर, स्वयंपाकघरातल्या तुझ्या सतरंजीवर बसून लिहायला घेतलं. गुडघे बोंब मारायलेत. तू रोज पहाटे इथं तासभर कशी बसायचीस कोण जाणे. प्रज्ञा सासरहून येऊन राहिलीय, तिनं दोनदा येऊन बघितलं आणि परत गेली. आपली पोरगी शहाणी आहे, तुझ्यावर गेलीय.

किनवटपासून सुरू करतो, कारण तुझं आणि त्याचं तिथंच सुरू झालं.

किनवटला माझी बदली झाली तेव्हा आपल्या लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि प्रज्ञा पाच वर्षांची होती. तुला सातवा महिना. मला निवडणुकीच्या कामावर हिमायतनगरकडं धाडलं. मी साहेबाला म्हणालो होतो, बायकोचे दिवस आहेत, मला नका पाठवू. साहेब म्हणाला, दिवस अजून भरले नाहीत ना. मी गेलो. नोकरी नवी नव्हती, पण भीती नवी असल्यासारखीच होती. मी तिकडे मतपेट्या सांभाळत बसलो आणि इकडे तुझं पोट दुखायला लागलं.

तिसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. मुलगा होता. मी त्याला बघितलं नाही. आपल्या खोलीमागं मुलींचं वसतिगृह होतं, तिथल्या मेट्रन एस्तेरबाई. त्यांनी तुला दवाखान्यात नेलं, त्यांनीच परत आणलं, प्रज्ञाला जेवू घातलं. तू भिंतीला टेकून बसली होतीस. मला बघून तू रडशील असं मला वाटलं होतं. तू रडली नाहीस, त्यानं मी जास्त घाबरलो.

मी विचारलं, "एकटीच होतीस?"

तू म्हणालीस, "न्हाई. कुणीतरी होतं माझ्याजवळ."

"एस्तेरबाई?"

"त्या पोरींच्या जेवणाचं बघायला गेल्या तरी होतं. मी रडायले तर माझ्यासंगं रडायलं होतं."

मला वाटलं, तापात आहे, बडबडायली. कपाळाला हात लावून बघितला. कपाळ गार होतं.

कोण होतं ते तू मला वर्षभरानं सांगितलंस. तोवर एस्तेरबाईंबरोबर तुझं उठणं-बसणं वाढलं होतं, दर रविवारी त्यांच्याकडच्या प्रार्थनेला जायला लागली होतीस. भाजी निवडता निवडता, अगदी साध्या आवाजात म्हणालीस, "तो येशू होता. मला आता पक्कं कळलंय." मी वर्तमानपत्र वाचत होतो. पान उलटलं. आतून मात्र असा हादरलो की त्या पानावर काय होतं ते आज विचारशील तर सांगता येणार नाही.

हसू नको, पण लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर माझी बायको दुसऱ्याच्या प्रेमात पडली होती. मी हे असंच समजत होतो. धर्माचं भांडण मी तुझ्याशी नंतर काढलं, लोकांना सांगायला ते बरं दिसतं. मूळ दुखणं वेगळंच होतं. ज्या दिवशी मी तुझ्याजवळ असायला पाहिजे होतो त्या दिवशी मी नव्हतो, आणि तो होता, असं तू म्हणत होतीस. एखाद्या माणसाबद्दल म्हणाली असतीस तर मी जाऊन त्याच्या पाया पडलो असतो, नाहीतर त्याची गचांडी धरली असती. याला मी कुठं शोधू?

मग मी बापाला मधे घातलं. चाकूरकडच्या आपल्या घरातली गोष्ट तुला तोंडपाठ होती, तरी मी ती पुन्हा पुन्हा सांगायचो. धम्म घेतला तेव्हा माझ्या आज्यानं देव्हाऱ्यातले देव गाठोड्यात बांधले आणि माझ्या बापाच्या डोक्यावर देऊन नदीला सोडायला लावले. बाप सांगायचा, जाताना गाठोडं जड होतं, येताना मान मोकळी झाली. आपल्या भिंतीवर एक बुद्धाची तसबीर आणि एक निळ्या कोटातली. बस. आणि माझी बायको म्हणते तिला येशू भेटला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण गावी गेलो तेव्हा मी मुद्दाम बापासमोर विषय काढला. मला वाटलं, म्हातारा तुला असा झोडपेल की तू जागेवर येशील. बाप म्हणाला, "पोरी, देव सोडला तवा कुठं आपली मान वर झाली. आता पुन्हा कुणाम्होरं वाकायलीस?"

तू पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "मामा, मी वाकले न्हाई. मी पडले होते. त्यानं उचललं."

म्हातारा ताट पुढं सरकवून म्हणाला, भाकरी वाढ. दुसऱ्या दिवशी शेताच्या वाटेवर मला म्हणाला, "पोरगी खोटं न्हाई बोलायली. मला न्हाई पटायलं ते वेगळं." त्यानंतर बापानं तुला एका शब्दानं टोकलं नाही. भांडायला मी एकटाच उरलो.

आणि तू तरी कसली बाई. भिंतीवरच्या दोन्ही तसबिरी तूच दर शनिवारी पुसायचीस. पौर्णिमेला खीर करायचीस. मी म्हणायचो, मग एकच काय ते धर की. तू म्हणायचीस, "मी काय धरून बसलेले न्हाई. मलाच कुणीतरी धरलंय." या उत्तरावर मी दार आपटून बाहेर जायचो.

पहाटेचं तर विचारूच नको. पाच वाजता तुझं सुरू व्हायचं. याच सतरंजीवर बसून, डोळे मिटून, अर्धवट आवाजात. बाहेरच्या खोलीत माझी खाट, मधे फक्त पडदा. मला सगळं ऐकू यायचं. तू त्याला काय काय सांगायचीस. प्रज्ञाच्या परीक्षेचं, शेजारच्या म्हातारीच्या डोळ्याचं, डाळीला लागलेल्या किड्याचं सुद्धा. एकदा ऐकलं, "गुरुजींचा बीपी वाढलाय, त्यांना मीठ कमी खायला सांग, माझं ऐकंनात." दुसऱ्या दिवशी, "काल ते मला टाकून बोलले. तू त्यांच्यावर रागावू नको, ते शाळेतून वैतागून आले होते." मी तडक उठून पडदा सारला. म्हणालो, घरातल्या गोष्टी बाहेर कशाला सांगतेस? तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "बाहेर कुठं सांगितल्या? तो घरातच हाय." आणि पुन्हा डोळे मिटून पुढचं सांगायला लागलीस. मला मिठाशिवाय उपमा मिळाला त्या दिवशी.

मला तू जन्मभर अहो-जाहो केलंस. त्याला पहिल्या दिवसापासून अरे-तुरे. हे मला किती लागायचं ते मी कधी सांगितलं नाही, सांगायला लाज वाटायची. तू माझ्याशी कधी इतकं बोलली नाहीस. मी विचारलंच नाही, हे खरं. पण ते तेव्हा कळत नव्हतं.

आपलं सगळ्यात मोठं भांडण आठवतं? लातूरला बदली झाल्यावर, भाड्याच्या घरात. मी म्हणालो होतो, प्रेम दोन्हीकडून लागतं. तू त्याच्यावर करतेस ते दिसतं. तो तुझ्यावर करतो याचा पुरावा काय? तू पोळ्या लाटत होतीस. म्हणालीस, "तुम्ही माझ्यावर करता याचा काय पुरावा हाय?"

मी म्हणालो, "मी पगार आणून देतो."

"पगार सरकारबी तुम्हाला देतं. त्याला काय तुमचं प्रेम हाय म्हणायचं का?"

प्रज्ञा आतल्या खोलीत फिसकन हसली. मी ताटावरून उठलो. तू मला हाक मारून परत बोलावलं नाहीस, पण झाकून ठेवलेली पोळी तूप लावून ठेवली होतीस. मी ती खाल्ली. भांडण मात्र तिथंच राहिलं, आज इतक्या वर्षांनी मी त्यावर विचार करतोय आणि मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

एक गुन्हा कबूल करतो. त्याच घरात तुझं काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक नाहीसं झालं होतं. ते मी माळ्यावर टाकलं होतं, जुन्या पेटीमागं. मला वाटलं, तू शोधशील, चिडशील, मग मी ठणकावून काहीतरी बोलेन. तू शोधलंस सुद्धा नाही. पंधरा दिवसांनी पहाटे पडद्यातून ऐकलं, "पुस्तक गुरुजींनी कुठंतरी ठेवलंय. असू दे. त्यांच्या हातात हाय तर उघडून बघू दे." संध्याकाळी मी ते जागेवर आणून ठेवलं. तू काही विचारलं नाहीस, मी काही सांगितलं नाही. आता सांगतो. ठेवायच्या आधी उघडलं होतं. दोन-तीन पानं वाचली, तुझ्या पेन्सिलीच्या खुणा होत्या त्या. वाचताना असं वाटलं की कुणाची तरी खाजगी पत्रं उघडून बसलोय, म्हणून मिटलं.

मग दिवस गेले. मी निवृत्त झालो, लातूरलाच हे घर झालं, प्रज्ञाचं लग्न झालं. दोघं उरलो. दोघं की तिघं, ते तू ठरवायचीस.

मागच्या हिवाळ्यात तुला पहिल्यांदा धाप लागली. डॉक्टर म्हणाले हृदय थकलंय, फुप्फुसात पाणी साचतं. दवाखान्यात आठ दिवस काढून घरी आलो आणि मी आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाकघरात शिरलो. प्रज्ञाची सासू आजारी, तिला येता येईना. मी म्हणालो, खिचडी काय, कोणालाही येते.

आता ते आठवलं की हसू येतं. तुमच्या मंडळीतल्या बायांची रीत, भात असो की भाकरी, चूल पेटवायच्या आधी एक मूठ तांदूळ प्रभूसाठी बाजूला काढायचा. रविवारी सगळ्यांची मूठ गोळा करून कुणा विधवेच्या, कुणा अडलेल्याच्या घरी द्यायची. हे मी वर्षानुवर्षं बघत होतो, त्यावरही कुरकुरलो होतो की माझ्या घासातली मूठ त्याला कशाला. पण मला ठाऊक होता तो पत्र्याचा जुना डबा. तो गंजला म्हणून तू दिवाळीपासून मूठ स्टीलच्या डब्यात ठेवायला लागली होतीस, ते मला कुणी सांगितलं? गल्लीतल्या आणखी दोघी आपली मूठ तुझ्याकडंच आणून टाकत, म्हणून डबा भरलेला. मी उघडला, तांदूळ दिसला, घेतला. रोज घेतला. आठ दिवसांत डबा खडखडीत.

पहिल्याच दिवशी तुला कळलं होतं. तीन घरचे तीन जातीचे तांदूळ, अर्धे शिजलेले अर्धे मोडलेले, तूच सांग तुला कळणार नाही होय. तू एक घास खाल्लास, ताटाकडं बघितलंस, माझ्याकडं बघितलंस, आणि सगळी खिचडी संपवलीस. आठ दिवस गुपचूप खाल्लीस. रविवारी मंडळीतल्या रूथताई मूठ न्यायला आल्या तेव्हा डबा उलटा करून बघायची वेळ आली. मी दारात उभा. मला तेव्हा उमगलं मी काय करून बसलो ते. आपण त्यांच्या देवाचं खाल्लं, आता या बाईसमोर काय तोंड दाखवू, असं झालं.

रूथताई काही बोलायच्या आत तू खाटेवरून म्हणालीस, "ताई, या आठवड्यात अडलेलं घर माझंच होतं. प्रभूनं मला जेवू घातलं."

रूथताईंच्या डोळ्यात पाणी आलं. माझं मात्र डोकं फिरलं. त्या गेल्यावर मी तुला म्हणालो, वा गं वा. चटके मी खाल्ले, दोन पातेली मी जाळली, बोटं माझी कापली आणि नाव त्याचं? मी काय त्याचा गडी आहे?

तू हसायला लागलीस. हसता हसता धाप लागली, मी पाणी दिलं, पाठ चोळली. दम खाऊन तू म्हणालीस, "तुम्ही गडी कशाला? गुरुजी, मी त्याला तीस वर्षं म्हणायले, माझ्या माणसाच्या हातानं एकदा मला वाढ. त्यानं वाढलं. तुमच्या हातानं वाढलं म्हणून तर मी रडले न्हाई, सगळं खाल्लं."

तू माझा हात धरलास, तसा तू तो क्वचितच धरायचीस. म्हणालीस, "माझ्याच्यानं आता पहाटे बोलणं होईना. दोन शब्द बोलले की दम लागतो. तुम्ही त्याच्याशी एकदा बोला. माझ्यासाठी काही मागू नका. नुसतं बोला. तुम्ही दोघं मला सारखेच हाव, अन् दोघं एकमेकांशी बोलत न्हाई. मला जाताना त्याचंच लई वाईट वाटंल."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "झोप आता." एवढंच आलं मला.

त्यानंतर तीन वेळा तू ते म्हणालीस. शेवटचं नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात, ज्या दिवशी तुला मास्क लावला त्या दिवशी सकाळी. प्रज्ञा तिथंच होती. तू मास्क जरा बाजूला केलास आणि माझ्याकडं बघून म्हणालीस, "बोललाव का?" मी म्हणालो, "सुमन, मला नाही जमत. तो मला ओळखत नाही, मी त्याला ओळखत नाही." तू म्हणालीस, "बरं." रागानं नाही. एखादं पोर म्हणतं ना, उद्या आणतो म्हटल्यावर, तसं बरं. मग मास्क चढवला गेला आणि त्यानंतर तुझ्या तोंडून शब्द आला नाही.

ते "बरं" मी रोज ऐकतो. भांडी घासताना, अंघोळीला बसलो की. तू चिडली असतीस तर बरं झालं असतं.

तुझ्या मातीच्या दिवशीचंही सांगतो, तुला ठाऊक असायला पाहिजे. चाकूरहून माझा भाऊ जीप भरून माणसं घेऊन आला. म्हणाला, वहिनीला गावाकडं नेऊ, आपल्या रीतीनं करू. मी म्हणालो, तिनं सांगून ठेवलंय कुठं आणि कसं. तो म्हणाला, "दादा, जन्मभर तूच तर तिला बोल लावलास."

"मी लावला," मी म्हणालो. "तू लावू नको."

इथंच लातूरला तुमच्या दफनभूमीत तुला ठेवलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, बाया रडत रडत गायल्या. मग माझा भाऊ पुढं झाला आणि आपल्या माणसांनी त्रिसरण म्हटलं. पाळकसाहेब हात जोडून संपेपर्यंत उभे राहिले. मला त्या क्षणी एवढंच वाटलं, ही आता इथं असती तर घरी गेल्यावर दोन्हीकडच्यांना चहा करून पाजला असता आणि कुणी किती साखर घेतं तेही चुकलं नसतं.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो. प्रज्ञालाही हे ठाऊक नाही.

ते "बरं" म्हटल्यावर दोन दिवसांनी दुपारी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, आता तासांचा प्रश्न आहे. प्रज्ञाला त्यांनी खालून औषध आणायला धाडलं होतं. मी आत आलो. नर्स लांब टेबलाशी काहीतरी लिहीत होती. तू डोळे मिटून पडलेली, श्वास मशीनचा. तुला ऐकू येत होतं की नाही, कुणी सांगावं. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, नसावं.

मी स्टुलावर बसलो, तुझा हात हातात घेतला. मला लाज वाटत होती. सत्तरीला आलेला मास्तर, आयुष्यभर पोरांना शिकवलं की प्रश्न विचारल्याशिवाय काही मानू नका. मी हात जोडले नाहीत. डोळे मिटले नाहीत, कारण तुझ्यावरून नजर काढायची नव्हती. तुझ्या उशाशी थोडी मोकळी जागा होती, तू खाटेवर नेहमी भिंतीकडं सरकून झोपतेस म्हणून राहिलेली. त्या जागेकडं तोंड करून मी बोललो. शब्दन् शब्द आठवतो.

मी म्हणालो, मी सुमनचा मालक. हिनं माझ्याबद्दल तुला लई सांगितलं असंल. त्यातलं बरंच खरं हाय. मी तुला मानत नाही, उद्यापासून मानीन असंही नाही. पण ही मानती, अन् चाळीस वर्षांत हिचा शब्द खोटा निघालेला मी बघितला नाही. म्हणून बोलायलो.

मी म्हणालो, किनवटला मी नव्हतो. तू होतास म्हणती. त्याचे आभार मानायचे राहून गेले, तीस वर्षं मी तुझ्यावर जळत बसलो. आज मानतो.

मग माझा आवाज फाटला. नर्सनं मान वर करून बघितलं. मी थांबलो, नाक पुसलं, आणि पुन्हा बोललो. म्हणालो, आता तू हिला न्यायलास. मी अडवून तू अडत नाहीस, ते दिसायलंच. पण जरा सांभाळून ने. हिला धाप लागते, चढ असला तर घाई करू नको. हिचे पाय गार पडतात, ती आपणहून सांगायची नाही, हात लावून बघावं लागतं. जेवलीस का विचारलं की भूक नसली तरी हो म्हणती अन् भूक असली तरी हो म्हणती, दुसऱ्यांदा विचारावं लागतं. मला हे कळायला वीस वर्षं लागली, तुला आधीच सांगून ठेवतो. तुझ्यावर हिचा जीव हाय, तेवढा माझ्यावर हाय की नाही मला ठाऊक नाही, पण माझा हिच्यावर हाय. हे मी तिला कधी तोंडानं म्हणालो नाही, तुला सांगायलो.

अन् एक शेवटचं. तिथं पोचली की ही पाणीसुद्धा घ्यायच्या आधी एकच विचारील, गुरुजी बोलले का म्हणून. तू हो म्हण. मास्तरानं सांगितलंय म्हण. दवाखान्यात, दुपारी, तुझा हात धरून बोलले म्हण.

तेवढ्यात प्रज्ञा औषधाची पिशवी घेऊन आली. दिवस मावळायच्या आत तू गेलीस. माझ्या हातात तुझा हात होता, तो मी सोडला नाही, त्यांनी सोडवला.

त्यानंतर मी पुन्हा काही बोललो नाही त्याच्याशी. काय बोलू? माझं बोलून झालंय. आता रोज पहाटे पाचला जाग येते, पडद्याकडं तोंड करून पडून राहतो आणि एकच गोष्ट विचारावीशी वाटते, ती त्यालाही नाही, तुलाच. सुमन, त्यानं तुला सांगितलं का?